टाकीच्या मानेवरचा हात

जहाजावर पहिल्या संध्याकाळी नेव्ह ट्रास्कला कोणी काहीही विचारलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी समोर बसलेला अॅथोल प्रेंटिस, ऑस्ट्रेलियातल्या डबो गावचा निवृत्त धान्यव्यापारी, कोळंबी सोलत होता आणि कोळंबी ताजी आहे एवढंच म्हणाला होता. त्यावर नेव्हने सुरी खाली ठेवली. "पाण्याखाली समोरासमोर बघितलीत ना, तर खायची इच्छा होणार नाही."

"तुम्ही पाण्याखाली जाता?" अॅथोलने विचारलं, आणि मग पाऊण तास त्या टेबलावरच्या कोणाला गोडाकडे वळता आलं नाही.

नेव्हची बायको ग्लेनिस शांतपणे जेवत होती. या गोष्टी तिला इतक्या पाठ होत्या, की नवरा कुठे थांबणार, कुठे आवाज खाली आणणार आणि कुठे शार्कची लांबी दोन हात वाढवणार हे तिला ठाऊक होतं. तरुणपणी नेव्ह आठवडाभर लोकांच्या न्हाणीघरात फरश्या बसवायचा आणि शनिवार-रविवारी मुलूलबाच्या किनाऱ्यावर लोकांना पाण्याखाली बुडी मारायला शिकवायचा. तिथल्या लोकांमध्ये तो खरोखरच नावाजलेला होता. त्याबद्दल ग्लेनिसचं काही म्हणणं नव्हतं.

"आता आमच्या टेगनची गोष्ट ऐका," नेव्ह म्हणाला. ही गोष्ट शेवटी यायचीच. "नवा माणूस पाण्यात उतरला की शिकवणारा त्याच्या जरा वर पोहतो आणि एक हात त्याच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीच्या मानेवर ठेवतो. माझा नियम एकच. शिकवणाऱ्याने तो हात आपणहून काढायचा नाही. शिकणाऱ्याला धीर आला की त्याने मागे हात न्यावा आणि माझा हात बाजूला करावा. ट्रक चालवणारे दांडगे गडी महिना महिना माझा हात सोडत नसत. आणि ही माझी पोरगी, बारा वर्षांची, पहिलीच बुडी! एका मिनिटात हात बाजूला केला. बाजूला कसला, झटकलाच!"

सगळे हसले. टेगन आता व्हानुआटूत, सांतो बेटावर, स्वतः हेच शिकवते हेही नेव्हने सांगितलं. पोरीने हात झटकला त्या दिवशी घरी येऊन तो गॅरेजमध्ये एकटाच उरलेल्या फरश्या उगाच रचत बसला होता, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते ग्लेनिसलाच माहीत होतं.

आणखीही एक गोष्ट त्याने सांगितली नाही. शेवटची बुडी मारून त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

सोडायचं असं त्याने कधी ठरवलं नव्हतं. एकदा गुडघा दुखत होता, मग पावसाळी पन्हळी साफ करायच्या राहिल्या होत्या, मग वारा होता. असे चार-पाच रविवार गेले आणि बाकीचे त्यांच्या मागोमाग गेले. टेगन सांतोला गेल्यापासून रविवारी फोन करायची आणि पहिला प्रश्न हमखास असायचा, "बाबा, गेला होतास का पाण्यात?" पहिल्यांदा नेव्ह "हो, हो" म्हणाला, कारण पन्हळीची गोष्ट सांगायला लाज वाटली. दुसऱ्यांदा पहिल्यांदाचं निभावून न्यायला म्हणाला. पुढे पुढे तो रविवारी सकाळी रेडिओवर समुद्राची बातमी ऐकून ठेवायचा आणि दुपारी पोरीला सांगायचा, "आज पाणी जरा गढूळच होतं गं. दहा मीटरच्या पलीकडचं काही दिसेना." हे सांगताना तो आरामखुर्चीत, पायात लोकरीचे मोजे घालून बसलेला असायचा.

ग्लेनिस छोट्या विमानात पाऊल ठेवत नसे, म्हणून सांतोला जाणं कायम राहून जायचं. टेगन नाताळला दोन दिवस यायची आणि जायची. मग ब्रिस्बेनहून निघणारं हे जहाज सापडलं. आधी फ्रेंचांच्या बेटावरचं नूमेआ, मग व्हानुआटूतलं पोर्ट व्हिला, मग सांतो. टेगन फोनवर ओरडलीच. "बाबा! तुला युद्धातलं बुडालेलं जहाज दाखवते. आपण दोघंच जाऊ. किती वर्षं म्हणतेय मी!"

आता आली का पंचाईत. बुड्या बंद पडलेल्या माणसाला त्या बुडालेल्या जहाजाकडे नेत नाहीत. आधी उथळ पाण्यात पुन्हा धडे गिरवायचे, हा नियम. खुद्द नेव्हने तो नियम शेकडो लोकांना सुनावला होता, वर "शेवटच्या बुडीबद्दल खोटं बोलतो तो सगळ्यांत धोकादायक" असं बोट नाचवत बजावलंही होतं. टेगनला खरं कळलं तर जहाज विसरा. आणि जहाजापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पोरीच्या डोळ्यांतला तो जुना बाप विसरा. ते त्याला सोसणारं नव्हतं.

म्हणून त्याने बेत केला. डॉक्टरकडून छाती तपासून घेतली. नूमेआला एक बुडी मारून गंज काढायचा, पोर्ट व्हिलाला दुसरी मारून चकचकीत व्हायचं आणि सांतोला जणू काही झालंच नाही अशा थाटात पाण्यात उतरायचं.

"आणि हे सगळं तिला न सांगता," ग्लेनिस म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? तोवर मी तयार झालेला असेन."

"नेव्ह, गेल्या वर्षी तू मोजे घालताना पलंगावरून पडलास."

"ते जमिनीवर. पाण्यात कोणी पडत नाही."

नूमेआला काय झालं ते थोडक्यात सांगितलेलं बरं. जहाजावरची घड्याळं ब्रिस्बेनच्या वेळेवर आणि किनारा एक तास पुढे. अशा बंदरांत नवखे लोक हटकून फसतात, हे नेव्हने आदल्या दिवशी अॅथोलला कागदी रुमालावर आकृती काढून समजावलं होतं. बुडीची होडी किनाऱ्याच्या नऊ वाजता सुटणार होती. किनारा एक तास पुढे, म्हणून नेव्हने नऊमध्ये एक मिळवला आणि जहाजाच्या दहाला, शीळ घालत, खांद्यावर पिशवी टाकून धक्क्यावर हजर झाला. होडी केव्हाच गेलेली. ती परत येतानाच दिसली, ओल्या केसांचे आनंदी फ्रेंच लोक घेऊन.

"मिळवायचा नव्हता," ग्लेनिस म्हणाली. "वजा करायचा होता."

"मला कळलंय आता."

"मला सकाळीच कळलं होतं. पण म्हटलं, तू आकृती काढली आहेस."

दिवसभर दोघांनी पाव-चीज खात किनाऱ्यावर फेऱ्या मारल्या. संध्याकाळी अॅथोलने विचारलं, "काय कॅप्टन, कशी झाली बुडी?" नेव्ह म्हणाला, "पाणी जरा गढूळच होतं." तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं. ग्लेनिसने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

पोर्ट व्हिलाला मात्र तो वेळेत पोचला. तिथला कालो नावाचा वाटाड्या मोठा हसरा होता. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "शेवटची बुडी कधी, काका?"

"होतील दोन-एक वर्षं," नेव्ह म्हणाला. असं बोलणाऱ्यांना तो स्वतः पूर्वी एका नजरेत ओळखायचा. कालोनेही ओळखलं असावं, कारण तो नुसता "बरं" म्हणाला आणि दिवसभर नेव्हपासून हातभर अंतरावर राहिला.

नेव्हने आपला जुना रबरी सूट घरून आणला होता. तो मांडीपर्यंत बरा आला. पोटाशी आल्यावर त्याने पुढे जायला साफ नकार दिला. दोघा गिऱ्हाइकांनी मागून चेन ओढली, तिसऱ्याने गुडघा लावला, आणि शेवटी कालोने दुकानातला मोठा सूट काढून दिला. मग टाकी चढवायची वेळ आली. डोळे मिटून करायचं काम, असं नेव्ह मनात म्हणाला आणि त्याने डोळे मिटून केल्यासारखंच केलं. टाकी उलटी लावली. तोंड पुढे हवं तिथे मागे. जगभरच्या बुड्या मारणाऱ्यांत याला एकच दंड आहे. उलटी टाकी लावणाऱ्याने होडीवरच्या सगळ्यांना बिअर पाजायची. मुलूलबात या दंडाच्या जोरावर नेव्हने वर्षानुवर्षं फुकट बिअर प्यायली होती.

कालोने टाकी सरळ केली आणि फक्त भुवया उंचावल्या. "बिअर?" नेव्हने पडेल आवाजात विचारलं. "बिअर," कालो म्हणाला.

पाण्याखाली तर सगळी शोभाच झाली. खाली जायला कमरेला बांधतात ते शिसं जास्त घेतलेलं, त्यामुळे तो पोत्यासारखा तळाला जाऊन बसला. उठण्यासाठी अंगावरच्या जाकिटात हवा भरली ती इतकी की फुग्यासारखा वर निघाला आणि कालोने त्याला पायाला धरून खाली आणलं. मास्कमध्ये पाणी शिरलं. ते नाकाने फुंकून कसं काढायचं हे त्याने हजार लोकांना शिकवलं होतं. आता त्याने स्वतः उलट ओढून घेतलं आणि नाकात अख्ख्या प्रशांत महासागराचं मीठ गेलं. धापा टाकून टाकून हवा इतक्या लवकर संपली, की बाकीचे अजून मासे बघत होते तेव्हा नेव्ह होडीत टॉवेल गुंडाळून बसलेला होता. होडीवाल्याने त्याला एक केळं दिलं. तो केळं खात बसला आणि स्वतःलाच म्हणाला, "ट्रास्क, तुझ्यासारखा विद्यार्थी आला असता तर तू त्याला टेनिस खेळायला पाठवला असतास."

बिअरचं खोकं दिलं. केबिनमध्ये आल्यावर ग्लेनिसपुढे सगळं कबूल केलं. तिच्यापुढे लपवायला काही उरलंच नव्हतं, त्याच्या केसांत शेवाळ होतं.

"आता तरी टेगनला खरं सांगून टाक," ती म्हणाली.

"नाही."

"अरे, ती काय तुला खाणार आहे?"

"खाणार नाही गं. मला सांभाळून घेईल." नेव्ह पलंगाच्या कडेवर बसला. "ती माझ्याकडे अशी बघेल... जसं आपण माझ्या आईकडे बघायला लागलो होतो, ती गॅस चालू ठेवायला लागली तेव्हा. ते मला नको आहे."

ग्लेनिसने त्याच्या केसांतलं शेवाळ काढून कचऱ्यात टाकलं.

सांतोच्या धक्क्यावर टेगन उघडी पिकअप घेऊन उभी होती. उन्हाने रापलेली, रबरी चपला, खांद्याला मिठाचे पांढरे डाग. तिने आईला मिठी मारली, मग बापाला, मग त्याला हातभर लांब धरून बघितलं. "जरा वाढलायस तू, बाबा."

"सूट आकसलाय," नेव्ह म्हणाला.

पिकअपच्या मागे जहाजावरचे नवशिकेही बसले. पहिल्यांदाच पाण्याखाली डोकावणारे चौघे, आणि त्यांत अॅथोल. "तुमच्या गोष्टी ऐकून हिंमत केली, कॅप्टन," तो म्हणाला. नवशिक्यांना टेगनचा कामातला जोडीदार मोली किनाऱ्यालगतच्या उथळ प्रवाळात नेणार होता. टेगन आणि नेव्ह थोडं पुढे, बुडालेल्या जहाजाकडे.

वाळूवर सामान मांडलं. ग्लेनिस टोपी घालून झाडाखाली बसली. नेव्हने टाकी उचलली, दोनदा फिरवून बघितली आणि नीट लावली. तोंड जिथे हवं तिथे. नळ्या उजवीकडच्या उजवीकडे. शिसं व्हिलाच्या निम्मं. पट्टे सरळ. अॅथोल भारावून बघत होता. सगळं जमलं होतं. आता फक्त एक प्रश्न राहिला होता आणि त्याचं उत्तर नेव्ह रविवारमागून रविवार देत आला होता.

टेगन समोर गुडघ्यावर बसून त्याचे पट्टे तपासत होती. "विचारायचं म्हणून विचारते हं, रीत आहे. शेवटची बुडी कधी?" आणि त्याच्या उत्तराची वाटही न बघता ती हसून म्हणाली, "खरं सांगू? आज मला किती निवांत वाटतंय. रोज गिऱ्हाइकं घेऊन जाते ना, तेव्हा मी एकटीच असते. म्हणजे जोडीला कोणीतरी असतं, पण खाली माझंच काही बिनसलं तर ते काय करणार? आज तू आहेस. आज माझ्यामागे कोणीतरी आहे."

नेव्हच्या डोळ्यांपुढे कालो त्याला पायाला धरून खाली ओढत होता. पोरीची हवा खाली बंद पडली आणि ती बापाकडे वळली, तर बाप कुठे असेल? फुग्यासारखा वर चाललेला असेल. एवढा वेळ त्याला स्वतःची अब्रूच दिसत होती. या थापेत पोरीचा जीवही अडकलाय, हे या म्हाताऱ्या मास्तराच्या डोक्यात आत्ता शिरलं.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला.

"काय एकोणीस वर्षं?"

"शेवटची बुडी. परवाची व्हिलाची धरू नकोस, ती बुडी नव्हती, तमाशा होता."

टेगनचे हात पट्ट्यावरच थांबले. "आणि दर रविवारी? पाणी गढूळ, पाणी निवळ? मागच्या महिन्यात कासव दिसलं म्हणालास!"

"रेडिओवर पाणी सांगतात. कासव मी घातलं."

"कासव तू घातलंस."

"थोडी रंगत यावी म्हणून."

टेगन उठून उभी राहिली. पाण्याकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून. रागावली होती आणि नेव्हला तो राग मान्य होता. झाडाखाली ग्लेनिस पुस्तकाचं पान उलटायचं विसरली होती. मग टेगन वळली. "तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर तू काय केलं असतंस?"

"टेनिस खेळायला पाठवला असता."

तिच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. "जहाज नाही. जा, अॅथोलच्या शेजारी जाऊन बस."

आणि कॅरिबियनपासून लाल समुद्रापर्यंतच्या सगळ्या बाता मारलेला नेव्ह ट्रास्क नवशिक्यांच्या रांगेत, वाळूत मांडी घालून बसला. मोलीने सुरुवातीपासून शिकवलं. श्वास रोखायचा नाही. कान दुखले तर थांबायचं. "कॅप्टन, तुम्हीही?" अॅथोल कुजबुजला. "माझी उजळणी चालू आहे," नेव्ह म्हणाला, आणि मग, आता लपवून काय करायचं म्हणून, "मला काहीही येत नाही, अॅथोल. लक्ष दे."

पाण्यात कमरेपर्यंत गेल्यावर त्याला वाटलं, आपल्याही वाट्याला मोलीच येणार. पण मागून टेगन आली. मास्क चढवला आणि त्याच्या डोक्यावरून म्हणाली, "तुला मी घेते."

डोकं पाण्याखाली गेलं. आवाज बंद झाले. टाकीच्या मानेवर तिचा हात पडलेला त्याला पाठीतून कळला. भक्कम हात होता. सुरुवातीला नेव्ह डावीकडे कलंडला, मग उजवीकडे, आणि दर वेळी तो हात त्याला अलगद सरळ करायचा. मास्कमध्ये पाणी आलं. त्याने डोकं जरा वर केलं, नाकाने फुंकलं आणि पाणी गेलं. खाली निळे मासे, जांभळी बोटं असलेलं प्रवाळ, एक बसकट काकडीसारखा प्राणी वाळूवर पडलेला. हळूहळू श्वास लांब होत गेला. पाय आपोआप सावकाश हलू लागले. गुडघ्यांना, खांद्यांना, पोटालासुद्धा जुनं काहीतरी आठवलं. एकोणीस वर्षं कुठेतरी मागे किनाऱ्यावर राहिली.

शेजारी मोलीबरोबर अॅथोल चालला होता. त्याने हात मागे नेला, मोलीचा हात बाजूला केला आणि मोकळा होऊन नेव्हकडे बघून वेड्यासारखा हातवारे करू लागला.

आता नेव्हलाही ते करता आलं असतं. त्याला ते कळत होतं. हात मागे न्यायचा, तिची बोटं बाजूला करायची, आणि पोरीला दाखवायचं की बघ, बाप अजून आहे. त्याचा हात थोडा मागे गेलासुद्धा.

मग त्याने हात पुढे आणला आणि मुद्दाम जरासा डावीकडे कलंडला. टाकीवरच्या हाताने त्याला सरळ केलं. थोड्या वेळाने तो उजवीकडे कलंडला. हाताने पुन्हा सरळ केलं. सगळा प्रवास ज्याने आपण आहोत त्याहून भारी असल्याचं सोंग केलं, तो माणूस आता असलेलं कसब लपवून धडपडत होता, आणि मास्कच्या आत हसत होता. हसल्यामुळे मास्कमध्ये पाणी शिरत होतं, तेही बरंच होतं.

बाहेर आल्यावर अॅथोल वाळूत नाचला. "हात सोडला मी, कॅप्टन! तुम्ही बघितलंत ना?" ग्लेनिसने टॉवेल आणि गरम चहा दिला. मोली आणि नवशिके पिकअपकडे गेले. टेगन बापाच्या शेजारी बसून नळ्या धुवत होती.

"अर्ध्या वाटेनंतर तू नाटक करत होतास, बाबा."

"कसलं नाटक?"

"कलंडायचं. मी तुझे बुडबुडे बघत होते. एवढा सावकाश श्वास घेणारा माणूस कलंडत नाही."

नेव्हने चहाचा घोट घेतला. जीभ भाजली. "कळलं होतं तर हात काढायचास."

"मी कशी काढणार?" टेगन त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नियम तुझाच आहे. शिकणाऱ्यानेच बाजूला करायचा."

तिने नळी झटकली, गुंडाळली, पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"दुखला असेल तुझा हात," नेव्ह म्हणाला.

"दुखला ना. जड आहेस तू."

ती उठली. एका हाताने स्वतःची टाकी उचलली, दुसऱ्या हाताने त्याची. 'राहू दे, मी घेतो' हे नेव्हच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो चहाचा पेला घेऊन तिच्यामागून पिकअपकडे चालू लागला.